आई आठवून सांगेल तोवर : मोठेपणी ऑटिझमचं निदान करून घेताना

मूल तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, म्हणून आईबाप त्याला तपासणीला नेतात. डॉक्टर विचारू लागतात. गोंगाट सहन होतो का? रोजच्या क्रमात बदल झाला की बिथरतो का? एकाच गोष्टीत तासन्‌तास रमतो का? उत्तरं देता देता बाप गप्प होतो, कारण प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे दोन उत्तरं असतात. एक मुलाचं आणि एक स्वतःचं. मोठेपणी ऑटिझमच्या, म्हणजे स्वमग्नतेच्या, शंकेपर्यंत येणारे बरेच जण याच वाटेने येतात. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे बापाच्या मनात आलेला विचार वेडगळ नसतो. बाकीचे काही जण मोबाइलवर कुणाची तरी मुलाखत ऐकून येतात, तर काही जण वर्षानुवर्षं नैराश्याच्या गोळ्या घेऊनही मूळ कोडं सुटत नाही म्हणून.

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी, केळवे, सफाळे, डहाणू या पट्ट्यात राहणाऱ्या अशा मोठ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. बाकी सगळं जिच्यावर उभं आहे ती गोष्ट आधी सांगते. मोठ्या माणसाच्या ऑटिझमचं निदान त्याच्या लहानपणाशिवाय होत नाही. तुम्ही आज कसे वागता एवढ्यावर भागत नाही. चार-सहा वर्षांचे असताना कसे होतात हे डॉक्टरांना कळावं लागतं. ते सांगू शकणारी माणसं म्हणजे तुमची आई, मावशी, आत्या, थोरली बहीण, बालवाडीच्या बाई. त्यांची वयं वाढत चालली आहेत. डॉक्टरांची वेळ दोन महिन्यांनी मिळाली तरी चालेल. आईशी बोलणं मात्र या आठवड्यात करा.

तेव्हा कुणाच्या लक्षात का आलं नाही

आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्यांना हा प्रश्न छळतो, आणि त्यात आईबापांवरचा राग मिसळलेला असतो. तो राग बाजूला ठेवता यावा म्हणून थोडा इतिहास. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत ११ मुलांची वर्णनं प्रसिद्ध केली ती १९४३ साली. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो पुढे मोठा झाला, त्याने बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, देशोदेशी हिंडला आणि २०२३ मध्ये ८९ वर्षांचा होऊन वारला. ऑटिझम फक्त लहान मुलांना असतो असं म्हणणाऱ्यांना हे एवढं एक आयुष्य पुरेसं उत्तर आहे. तरीही बोलणाऱ्या, शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या माणसांमध्येही ऑटिझम असतो ही समज पसरायला लोर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टरांचा १९८१ चा लेख यावा लागला.

आपल्याकडे अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा झाला त्यात ऑटिझमचं नाव नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला, एप्रिल २०१७ पासून लागू झाला, आणि त्यातल्या २१ प्रकारांमध्ये ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. म्हणजे सातपाटीच्या किंवा मनोरच्या जिल्हा परिषद शाळेत १९९२ साली पहिलीत बसलेल्या मुलाला ओळखायला बाईंकडे काही साधनच नव्हतं. ‘अबोल आहे’, ‘हुशार पण मिसळत नाही’, ‘एककल्ली’, ‘घुमा’ असे शेरे मिळाले, आणि घरी आजी म्हणाली की वडीलही असेच होते. आईबापांनी दुर्लक्ष केलं असं नाही. त्यांना विचारायला कुणी नव्हतं.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या निदानाच्या निकषांमध्ये, २०१३ साली सुधारलेल्या अमेरिकी नियमावलीत, स्पष्ट म्हटलं आहे की खुणा बालपणापासूनच असाव्या लागतात, पण आयुष्याच्या मागण्या माणसाच्या ताकदीपलीकडे जाईपर्यंत त्या पूर्ण दिसतीलच असं नाही; शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली त्या झाकल्याही जातात. बोईसरमध्ये याचा अर्थ काय, ते बघा. समजा एक मुलगा पालघरच्या कॉलेजातून बीएस्सी करून एमआयडीसीतल्या कारखान्यात लॅबमध्ये लागला. नमुने तपासायचे, आकडे नोंदवायचे, घरी जायचं. दहा वर्षं सुरळीत गेली. मग बढती झाली आणि त्याला शिफ्ट इन्चार्ज केलं. आता दहा माणसांचे मूड ओळखायचे, साहेबांच्या बोलण्यातली खोच कळायला हवी, दोन गटांच्या भांडणात मधे पडायचं, त्यात आठवड्याला शिफ्ट बदलणार. सहा महिन्यांत तो कोसळतो. घरचे म्हणतात, पगार वाढला आणि याला काय झालं? काही नवीन झालेलं नसतं. जे होतं ते सांभाळण्याची जागा गेलेली असते.

बायकांचं हे लग्नानंतर होतं, किंवा बाळंतपणानंतर. माहेरी स्वतःचा कोपरा होता. सासरी एकत्र कुटुंबात कुणी न सांगता काय हवं ते ओळखायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी हसून बोलायचं, सणाला पंचवीस जणांत वावरायचं. मुली लहानपणापासून दुसऱ्या मुलींचं बघून बघून वागणं उचलतात, त्यामुळे त्यांचं वेगळेपण आणखी झाकलं जातं. मग चिंता, नैराश्य, ‘फार संवेदनशील आहे’ अशी निदानं आधी होतात आणि मूळ कारण शेवटी, कधी चाळिशीत, सापडतं.

स्वतःकडे बघताना

एकट्या लक्षणावरून काही ठरत नाही. गर्दी न आवडणं, अबोल असणं, रेल्वेचं वेळापत्रक पाठ असणं ही सगळी माणसाच्या स्वभावाची रूपं आहेत. डॉक्टर दोन बाजू बघतात, आणि दोन्ही असाव्या लागतात. पहिली बाजू माणसांशी देवाणघेवाणीची. बोलण्याचा शब्दशः अर्थ घेणं. ‘बघू या’ म्हणजे नकार हे न कळणं. फोन करण्याआधी वाक्यं घोकणं आणि नंतर रात्रभर तेच संभाषण पुन्हा पुन्हा तपासणं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायला त्रास होणं किंवा ‘आता बघायचं, आता नाही’ असं मोजून बघणं. मैत्री हवी असूनही ती टिकवायची कशी हे न उमगणं. दुसरी बाजू ठरलेपणाची आणि इंद्रियांची. बदलाने येणारी घालमेल. एका विषयात खोल बुडी. बोटं, पाय, पेन हलवत राहिल्यावर मिळणारा निवांतपणा. ट्यूबलाइटची गुणगुण, शर्टाच्या कॉलरमागची पट्टी, हळदीच्या रात्रीचा डीजे, कंपनीच्या गेटाबाहेरचा रासायनिक वास हे इतरांपेक्षा कितीतरी पटींनी बोचणं. काहींचं उलटही असतं, भूक लागल्याचं किंवा हात भाजल्याचं लवकर कळत नाही.

यातलं किती आहे यापेक्षा त्याची किंमत किती मोजता, हे डॉक्टरांना सांगा. लग्नाला जाऊन आल्यावर दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं का? कामावर दिवसभर ठीक वागून घरी आल्यावर बायकोशी शब्द बोलता येत नाही का? किती नोकऱ्या सोडल्या, आणि खरं कारण काय होतं?

इंटरनेटवर प्रश्नावल्या मिळतात. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ५० प्रश्नांची प्रश्नावली त्यातली सर्वांत माहीत असलेली. जरूर भरा, पण तिला निदान समजू नका. चिंता, नैराश्य किंवा एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता) असलेल्यांचाही आकडा तिथे वाढतो, आणि पार्टी, संग्रहालय, नाटक अशा तिथल्या प्रश्नांवर आपल्याकडचा माणूस अडखळतो. माझं मत असं की आकड्यापेक्षा प्रत्येक प्रश्नाला तुमच्या आयुष्यातलं एक उदाहरण लिहून काढणं जास्त कामाचं आहे. तो कागद डॉक्टरांना द्या.

लहानपणाची वही

आता मुख्य काम. एक वही घ्या आणि आईसमोर बसा. ‘मला ऑटिझम आहे असं वाटतं’ अशी सुरुवात करू नका. बहुतेक आया घाबरतील, किंवा ‘तुला काही नाही’ म्हणून विषय बंद करतील. ‘मी लहान असताना कसा होतो ते सांग ना’ एवढंच पुरेसं आहे. आयांना हे सांगायला आवडतं. फक्त तुमचे प्रश्न नेमके हवेत.

पहिला शब्द कधी बोललो? बोलायला लागल्यावर ऐकलेलंच परत म्हणायचो का? बोट दाखवून वस्तू मागायचो, की तुझा हात धरून ओढत न्यायचो? चवड्यांवर चालायचो का? खेळण्यातली गाडी चालवायचो की तिचं चाकच फिरवत बसायचो? बाटल्यांची बुचं, शंखशिंपले, आगपेट्या ओळीने मांडायचो आणि कुणी हलवलं तर आकांत करायचो का? गणपतीत बँजो किंवा ताशा आला की कुठे लपायचो? सुक्या बोंबलाच्या वासाने, भातात कालवलेल्या कालवणाने, दह्याच्या लिबलिबीतपणाने उलटी व्हायची का? नवे कपडे नको म्हणायचो का? लगोरी, विटीदांडू खेळणाऱ्यांत असायचो की कडेला उभा राहून बघायचो? आजोळी नेलं की पहिल्या रात्री काय व्हायचं? पोरं चिडवायची का, आणि चिडवतात हे मला कळायचं का?

आईने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहा. ‘तू फार हट्टी होतास’ असं ती म्हणाली तर तिथे थांबू नका. हट्ट कशाचा, केव्हा, काय झालं की थांबायचा, हे विचारा. ‘तुला रोज त्याच ताटलीत जेवायचं असायचं, ती हरवली तेव्हा दोन दिवस जेवला नाहीस’ हे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने सोन्याच्या मोलाचं आहे. आई नसेल तर मावशी, काका, वयाने मोठं भावंड, शेजारच्या काकू. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, शेरे वाचा. घरात जुन्या लग्नाचा व्हिडिओ असेल तर त्यात चार वर्षांचे तुम्ही कुठे, काय करत आहात ते बघा. कुणीच उरलं नसेल तर तुमच्या स्वतःच्या लहानपणीच्या आठवणी, वर्षानुसार, आणि जोडीदाराने आज पाहिलेल्या गोष्टी. साक्षीदार नसला म्हणून निदान अशक्य होत नाही, अवघड होतं.

वहीच्या शेवटी चालू औषधं, पूर्वीची निदानं, फिट्स, डोक्याला मार, ऐकू येण्याचा त्रास, आणि घराण्यातलं कुणी बोलायला उशिरा लागलेलं, कुणी फार एकलकोंडं, कुणी मानसिक आजाराने त्रस्त असं असेल तर तेही लिहा.

जायचं कुणाकडे

निदान देण्याचा अधिकार आणि तयारी दोन प्रकारच्या तज्ज्ञांकडे असते. एक मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. दुसरे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ते औषध लिहीत नाहीत, पण सविस्तर चाचण्या आणि मुलाखती त्यांच्या हातात असतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारणं उद्धटपणा नाही. समुपदेशक, विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट मदत करतील, शंका व्यक्त करतील. निदानाचा कागद त्यांच्याकडून घेऊ नका. मुलांचे डॉक्टर ऑटिझम चांगला ओळखतात, पण मोठ्यांना तपासत नाहीत.

बोईसर-पालघरमध्ये मानसोपचार मिळतो, वसई-विरारमध्ये अधिक. मात्र मोठ्यांच्या ऑटिझमचा अनुभव प्रत्येकाला असतोच असं नाही. म्हणून वेळ घेण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा : अठरा वर्षांपुढच्या माणसांचं ऑटिझमचं मूल्यमापन तुम्ही करता का, एकूण किती भेटी आणि किती खर्च, आणि शेवटी लेखी अहवाल मिळेल का. पहिल्या प्रश्नावर समोरचा गडबडला तर दुसरीकडे विचारा. पाच मिनिटांत ‘हो’ सांगणारा आणि ‘लग्न झालंय, नोकरी आहे, मग ऑटिझम कसला’ म्हणून पाच मिनिटांत ‘नाही’ सांगणारा, दोघेही टाळा.

सरकारी वाटेने जायचं असेल तर सुरुवात जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात करा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची माणसं कोणत्या दिवशी कुठे बसतात हे तिथे कळेल. एमआयडीसीतल्या ज्या कामगारांकडे ईएसआयसीचं कार्ड आहे त्यांनी दवाखान्यात मानसोपचाराची चिठ्ठी मागावी. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या टॅप्स कॉलनीतल्यांनी आपल्या वैद्यकीय योजनेतून बाहेर पाठवतात का ते पाहावं.

सविस्तर मूल्यमापनासाठी मुंबई गाठावी लागेल याची तयारी ठेवा. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलजवळचं नायर, शीवचं लोकमान्य टिळक, भायखळ्याचं जे. जे., विलेपार्ल्याचं कूपर, या सगळ्या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि केसपेपरचा खर्च किरकोळ असतो. तिथे पहिल्या दिवशी बहुधा शिकाऊ डॉक्टर भेटतील, गर्दी असेल, आवाज असेल. ज्याला गर्दीचाच त्रास आहे त्याच्यासाठी हा दिवस कठीण जाणार आहे, आणि त्याची व्यवस्था आधी करायला हवी. डहाणू लोकल २०१३ पासून आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या. विरारला गाडी बदलताना सकाळी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. शक्य असेल तर आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे राहा. कानात घालायचे बोळे, पाण्याची बाटली, वही आणि एक असं माणूस बरोबर घ्या जे तुमच्याऐवजी खिडकीवर बोलेल. बोलताना शब्द अडले तर डॉक्टरांच्या हातात कागद द्या. ते वाचतात.

पहिली मुलाखत व्हिडिओवर घेणारे तज्ज्ञही आहेत. डॉक्टरांनी असा सल्ला देण्याविषयीचे नियम मार्च २०२० मध्ये आले, त्यामुळे ही पद्धत रीतसर आहे. लहानपणाची हकिकत, आईची मुलाखत, प्रश्नावल्या हे सगळं बोईसरच्या घरी बसून होऊ शकतं, आणि प्रत्यक्ष भेटीसाठी एकदाच जावं लागतं. आई गावाला असेल तर तिलाही त्याच पडद्यावर घेता येतं.

तपासणीत काय होतं

रक्त, एमआरआय, ईईजी यांतून ऑटिझम दिसत नाही. कुणी ‘आधी ब्रेन मॅपिंग करा’ म्हणाला तर कशासाठी ते विचारा. फिट्सची शंका असेल तर ईईजी ठीक, ऑटिझम ठरवायला नाही. खरी तपासणी म्हणजे लांब बोलणं. लहानपण, शाळा, नोकरी, मैत्री, लग्न, इंद्रियांचे अनुभव, आणि या सगळ्यात तुम्ही कसे बोलता, हावभाव कसे, हेही तज्ज्ञ बघत असतात. काही ठिकाणी मोठ्यांसाठी बनवलेल्या एडॉस चाचणीचा भाग वापरतात, ज्यात ठरावीक कामं आणि गप्पा असतात. ती इंग्रजीत होणार असेल आणि तुम्ही मराठीत सहज असाल तर मराठीत बोलू द्या असं आधीच सांगा. भाषेच्या अडचणीला कुणी संवादाची अडचण समजू नये.

याच वेळी तज्ज्ञ इतर शक्यताही तपासतात, आणि त्या तपासायलाच हव्यात. माणसांची भीती, ओसीडी (मंत्रचळ), एडीएचडी, नैराश्य, लहानपणी झालेली मारहाण किंवा अत्याचार, कमी ऐकू येणं, यांच्या खुणा ऑटिझमसारख्या दिसतात. बऱ्याचदा ऑटिझमबरोबर यातलं काहीतरी असतंही. वेगळं काढायची किल्ली पुन्हा तीच : सुरुवात कधी झाली? पंचविशीत एकाएकी माणसं टाळू लागलेला माणूस आणि बालवाडीपासून कडेला उभा राहिलेला माणूस, या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत.

अहवाल हाती आला की नीट वाचा. निदान कोणत्या निकषांवर, कोणत्या उदाहरणांवरून केलं ते त्यात हवं. ऑटिझमच्या मूळ खुणांवर औषध नाही. झोप, चिंता, नैराश्य यांवर आहे आणि त्याचा उपयोग होतो. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन ऑटिझम घालवतो असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ मध्येच हा उपचार ऑटिझमसाठी शिफारस करण्याजोगा नाही असं म्हटलं आहे, आणि त्यात लाखो रुपये जातात.

या सगळ्या काळात, विशेषतः वाट बघण्याच्या दिवसांत, जगणं नको वाटलं तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांमध्ये असे विचार इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतात, म्हणून हे मी इथे लिहिते आहे, औपचारिकता म्हणून नाही.

निदान वेगळं, दाखला वेगळा

इथे फार लोक फसतात. डॉक्टरांनी निदान दिलं म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला मिळालाच असं नाही. दाखल्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज करायचा, रुग्णालय निवडायचं, आणि तिथल्या वैद्यकीय मंडळासमोर जायचं. पालघर हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला जिल्हा. ऑटिझमसाठी मानसोपचारतज्ज्ञ आणि सायकॉलॉजिस्ट असलेलं मंडळ कुठे आणि कोणत्या वारी बसतं, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात फोन करून पक्कं करा आणि मगच रजा टाका.

मंडळ जी मोजपट्टी वापरतं ती आयएसएए नावाची भारतीय मोजपट्टी आहे. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, आणि एकूण ७० च्या खाली आले तर ऑटिझम नाही असा निष्कर्ष. ही मोजपट्टी मुख्यतः मुलांना डोळ्यांसमोर ठेवून बनली. जो माणूस तीस वर्षं आपलं वेगळेपण झाकायला शिकला, तो मंडळासमोरच्या पंधरा मिनिटांतही ते झाकतो आणि ७० च्या खाली राहतो. त्यामुळे तिथे ‘आज मी जमवून घेतोय, एरवी असं होतं’ हे स्पष्ट सांगा, आईला किंवा जोडीदाराला सोबत न्या, सविस्तर अहवालाची प्रत द्या. तरीही दाखला मिळाला नाही तर निदान खोटं ठरत नाही.

दाखला घ्यावा का? शिकत असाल, सरकारी नोकरीच्या परीक्षा देत असाल, तर घ्यावा असं मला वाटतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता आणि मानसिक आजार यांच्या गटासाठी १ टक्का आहे, आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा दिव्यांगांसाठी आहेत. जुनी करपद्धत निवडणाऱ्यांना आयकरात ७५ हजारांची वजावट मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे. खाजगी कंपनीत स्थिर असाल आणि फक्त स्वतःला समजून घ्यायचं असेल, तर निदानाचा अहवाल कपाटात ठेवूनही आयुष्य बदलतं.

सांगायचं कुणाला

कंपनीत सांगण्याआधी नेमकं काय मागायचं आहे ते ठरवा. ‘मला ऑटिझम आहे’ एवढंच ऐकलं तर एचआरवाल्याला पुढे काय करायचं ते कळणार नाही, आणि धोक्याचं रसायन हाताळणाऱ्या प्लांटमध्ये तो आधी घाबरेल. ‘मला सूचना तोंडी न देता लेखी द्या, शिफ्ट दर आठवड्याऐवजी महिन्याने बदला, जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनऐवजी लॅबमध्ये बसू द्या’ हे त्याला कळतं. तारापूरच्या कारखान्यांत लेखी कामाची सवय आधीच आहे. वर्क परमिट, लॉगबुक, एसओपी, सगळं कागदावर चालतं, इअरप्लग सुरक्षेच्या साहित्यातच मिळतात. त्यामुळे यातल्या निम्म्या गोष्टी निदानाचा शब्द न उच्चारताही मागता येतात. माझा सल्ला आहे की आधी तसंच करून पाहा. सरकारी आस्थापनेत असाल तर २०१६ च्या कायद्याने अशा सोयी देणं बंधनकारक आहे, आणि भेदभाव झाला तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

घरात जोडीदाराला सर्वांत आधी सांगा. त्याने किंवा तिने वर्षानुवर्षं तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ ‘हिला माझं काही वाटत नाही’ असा लावलेला असू शकतो, आणि अहवालातली दोन पानं एकत्र बसून वाचली तर तो अर्थ बदलतो. लग्न ठरायचं असेल तर लग्नाआधी सांगावं, असं माझं ठाम मत आहे, मधल्या माणसामार्फत नाही, स्वतः. नकार येतील. लपवून केलेल्या संसारात रोज नाटक करण्यापेक्षा ते बरे. नातेवाइकांत सगळ्यांना सांगायची गरज नाही. आईला सांगताना तिच्याच आठवणींतून हे कळलं हे सांगा. अनेक आयांना स्वतःचा दोष शोधायची सवय असते, आणि वाढवण्यात चूक झाल्याने ऑटिझम होत नाही हे तिला स्पष्ट शब्दांत ऐकू येऊ द्या.

आणि तपासणीअंती उत्तर ‘ऑटिझम नाही’ असं आलं तर? मग काय आहे ते लेखी मागा. ज्या त्रासाने तुम्ही इथवर आलात तो तेवढाच खरा असतो. मूल्यमापन घाईत झालं असं वाटलं, लहानपणाची वही कुणी उघडलीच नाही, तर दुसऱ्या तज्ज्ञाकडे एकदा जरूर जा. मूल्यमापन नीट झालं असेल तर मात्र ‘हो’ म्हणणारा भेटेपर्यंत दारं ठोठावत फिरू नका. एडीएचडी किंवा माणसांची भीती असं निदान झालं असेल तर त्यांवर चांगले उपचार आहेत, ते सुरू करा. कानातले बोळे, लेखी सूचना, लग्नाच्या हॉलमधून अर्ध्या तासाने बाहेर पडून मोकळ्या हवेत उभं राहणं, यासाठी कुणाच्याही दाखल्याची गरज नसते.